घरट्याची जागा

“घरट्याची जागा कधी नकाशावर टाकायची नसते,” बाई तिला म्हणाल्या होत्या. “आत पिल्लू असेल तर नाहीच नाही.”

तिने ते हसण्यावारी नेलं. एक तर विषय घरट्याचा नव्हताच. तिच्या न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशीवर बसलेल्या एका करड्या पतंगाचा होता, ज्याला ना घर ना दार. शिवाय बाईंना सगळ्यांना सगळं सांगायची सवयच होती. शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. रविवारी सकाळी बागेत पक्षी बघायला जमणाऱ्या त्यांच्या आठ-दहा जणांच्या गटात कुणाचे बूट वाजतात नि कुणाचा शर्ट भडक आहे, हेही त्याच सांगायच्या.

“बाई, पतंगाला कसलं आलंय घरटं?” ती म्हणाली.

“त्याला नाही गं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्या कडेवरच्या चिमीकडे बघितलं. चिमी तेव्हा सहा महिन्यांची होती.

ॲप तसं साधं होतं. कुठलाही जीव दिसला की फोटो काढायचा किंवा आवाज टिपायचा. तारीख, वेळ, ठिकाण फोन आपोआप जोडतो. नकाशावर ठिपका उमटतो. ठिपक्याभोवती एक वर्तुळ असतं. वर्तुळ जितकं लहान तितकं ठिकाण अचूक. मग जगातला कुणीही येऊन ओळख सांगतो, की हा अमुक. दोघांचं एकमत झालं की नोंद पक्की. पक्की नोंद खुल्या साठ्यात जाते आणि तिथून ती कुणालाही, कुठेही, कशासाठीही उतरवून घेता येते.

नको असेल त्याला ठिकाण धूसर करायची सोय असते. ठिपका मुद्दाम काही किलोमीटर इकडेतिकडे सरकवतात. गटातले बरेच जण घरच्या नोंदींना तसं करत. तिला ते पटायचं नाही. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, चिमी होईपर्यंत प्रयोगशाळेत नोकरी केलेली ती. अर्धवट माहिती देण्यापेक्षा न दिलेली बरी, असं तिचं मत. तिचं वर्तुळ तीन मीटरचं असायचं. दिवसभर दूध, दुपटी नि धुणं यांत बुडालेल्या बाईला दिवसाकाठी निदान एक गोष्ट अचूक करता यावी, एवढाच त्यातला हट्ट. बघता बघता चारशे बारा नोंदी झाल्या, सगळ्या एकाच ठिपक्यावरून. नवरा म्हणायचा, “आपली मोरी विज्ञानात अजरामर होणार बघ.”

चारशे तेरावी नोंद आवाजाची होती.

दुपारचे चार वाजून गेले होते. तिसऱ्या मजल्याची मागची गॅलरी, खाली बंद पडलेली पंपाची खोली, तिच्यामागे एक मोठं झाड. झाडात कुठेतरी एक पक्षी बोलत होता, तीन सूर खाली, एक वर. तिने फोन धरला. तेवढ्यात नुकती पाय टाकायला लागलेली चिमी डुलत डुलत कठड्याकडे निघाली, आणि ती हळूच म्हणाली, “ये गं, ये. आई इथे आहे.” नोंदीत सव्वीस सेकंद पक्षी होता आणि शेवटी ही हाक. तिने ती तशीच चढवली. कापाकापी म्हणजे फेरफार, आणि फेरफार तिच्या तत्त्वात बसत नव्हता. तासाभरात नोंद पक्की झाली.

बाईंचा निरोप आला. “पक्षी छान. शेवटचं बोलणं काढून टाक. आणि ठिकाण धूसर कर, ऐक माझं.”

तिने उत्तरादाखल एक हसरा चेहरा पाठवला आणि चिमीला भरवायला घेतलं.

त्या दिवसांत तिच्या डोक्यात वेगळाच भुंगा होता. चिमी बोलत नव्हती. चौदावा महिना गेला, पंधरावा गेला, सतरावा लागला, पण हूं नाही की चूं नाही. कान तपासून झाले. कान तिखट होते. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, थांबा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “आमच्याकडचे सगळे उशिराच बोलले, आणि आता बघ, गप्प बसवत नाहीत.” पण चिमी नुसती ऐकायची. मान कलती करून, डोळे मिटल्यासारखे करून, लांबचं काहीतरी ऐकल्यासारखी. आपल्या ओठांकडे ती का बघत नाही, हे आईला कळत नव्हतं.

अशातच एका दुपारी ॲपने कळवलं, तुमच्या परिसरात नवी नोंद.

नोंद करणाऱ्याचं नाव नव्हतं. नावाच्या जागी फक्त एक टिंब. ना फोटो, ना माहिती, ना आधीची एकही नोंद. आवाजाची फीत, दुपारी चार वाजून दहा मिनिटांची. ठिपका घरापासून नऊशे मीटरवर, जुन्या कालव्याच्या काठी. तिने वाजवली. पाण्याची झुळझुळ, कुठेतरी लोखंड आपटल्याचा आवाज, आणि मग तिचाच आवाज.

“ये गं, ये. आई इथे आहे.”

खाली ओळख लिहिली होती, “प्रौढ मादी. पिल्लू जवळ.”

तिला भीती वाटली नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या. आपली फीत उचलायची, कुठेतरी कालव्यावर वाजवायची, परत टिपायची आणि वर ही असली ओळख! तिने तक्रार केली. उत्तर लगेच आलं, कारण ते माणसाने लिहिलेलं नव्हतं: आपल्या योगदानाबद्दल आभारी आहोत.

“टिंबराव तुझे चाहते झालेत,” नवरा म्हणाला. तो पायातले मोजे काढत होता.

“यात हसण्यासारखं काय आहे?”

“अगं, कुणीतरी रिकामटेकडा असणार. तूच खुलं करून ठेवलंस ना? आता लोक वापरणारच.”

खोटं काही नव्हतं त्यात, म्हणूनच जास्त लागलं.

आठ दिवसांनी दुसरी नोंद आली. चारशे मीटर, शाळेच्या मैदानामागे. मग तिसरी, एकशेवीस मीटर. वेळ तीच, चार वाजून दहा मिनिटं. पहिल्या नोंदीचं नव्वद मीटरचं वर्तुळ आधी चाळीसचं झालं, मग पंधराचं. आवाज तोच, पण पाठीमागचं दर वेळी निराळं. एकदा मुलांचा गलका, एकदा पत्र्यावर चालणारी कबुतरं.

ॲपचा एक नियम होता. माणसाचा आवाज वन्यजीवात धरत नाहीत. “माणूस” अशी ओळख दोघांनी दिली की नोंद साठ्यातून बाद होते. तिने तिन्ही नोंदींवर “माणूस” लिहिलं आणि दुसऱ्याची वाट बघत बसली. कुणी येईना. शेवटी तिने गटातल्या आवाजवाल्याला गाठलं. हा गृहस्थ दिवसा विमा कार्यालयात बसायचा आणि बाकीचा वेळ वटवाघळांचे आवाज पडद्यावर रेषांच्या रूपात बघायचा. कान त्याचा पक्का होता.

“नुसतं ‘सहमत’ दाबायचंय हो,” ती म्हणाली. “माझाच आवाज आहे तो.”

त्याने दोन दिवसांनी फोन केला. थोडा अडखळत बोलत होता.

“ताई, मी तुमची मूळ फीत आणि त्या तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. तुम्ही ‘ये’ म्हटल्यावर श्वास घेता, मग ‘आई’ म्हणता. अगदी बारीक, पण दिसतो.”

“बरं मग?”

“या तिन्हींत श्वास नाही. कुठेच नाही.”

“म्हणजे त्याने कापला असेल.”

“कापला तर तिथे खाच दिसते. आणि तुमची फीत वाजवली असती तर तुमचा श्वासही वाजला असता ना? शिवाय पक्षी कुठे गेला? तुमच्या फितीत तुमच्या आवाजावर पक्षी चढलाय. हे कुणीतरी स्वतः म्हटलंय, ताई. श्वास न घेता. मी ‘माणूस’ला सहमती नाही देऊ शकत. माफ करा.”

तिने फोन ठेवला आणि तिला पहिल्यांदाच हसू आलं, कडवट. चारशे नोंदी अचूकपणासाठी रक्त आटवून केल्या, आणि आता दुसऱ्याचा अचूकपणा आपल्याच मुळावर उठला.

मग ती बाईंकडे गेली. बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. बैठकीत अर्ध्या बांधलेल्या बॅगा होत्या, मुलाकडे जायच्या. त्यांनी तिन्ही फिती ऐकल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पक्षी लपलेला असला की त्याचाच आवाज वाजवतात, माहीत आहे ना तुला?” त्या म्हणाल्या. “पक्षी बाहेर येतो. आपल्या गटात बंदी आहे त्याला.”

“माहीत आहे.”

“आणि पिल्लू बाहेर काढायचं असलं तर?”

तिने मांडीवरचा फोन पालथा घातला.

“पिल्लाचा नाही वाजवत,” बाई म्हणाल्या. “आईचा वाजवतात.”

त्या संध्याकाळी तिने नोंदी पुसायला घेतल्या. चारशे तेरा. एकेक उघडायची, पुसायची, “नक्की?” असं विचारलं की हो म्हणायचं. अंगठा दुखायला लागला. पुसता पुसता तिला आपलंच घर दिसत गेलं. न्हाणीघराची खिडकी सकाळी सात ते आठ उघडी. स्वयंपाकघरात ती साडेतीनपासून. गॅलरीचं दार दुपारी चारला. नवरा दिवसा घरी फक्त रविवारी. वेळेसकट, तीन मीटरपर्यंत, सगळं तिनेच लिहून ठेवलं होतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मग तिने खुल्या साठ्यात शोधलं. चारशे तेराच्या चारशे तेरा तिथे होत्या. तिने पत्र लिहिलं, या वेळी रागाने नाही, हात जोडून. उत्तर आलं: “मूळ नोंद पुसली तरी आधी उतरवून घेतलेल्या प्रतींवर आमचं नियंत्रण नसतं. आपली आवाजाची नोंद आजवर ६१८ वेळा उतरवली गेली आहे. अभिनंदन.”

तिने गॅलरीचं दार बंद केलं. वरची कडी लावली, जी लावायला तिला स्वतःला टाचा उंच कराव्या लागत. धुणं आतल्या खोलीत वाळत घातलं. नवरा म्हणाला, “घराची पार धर्मशाळा केलीस,” आणि ओल्या चादरीखालून वाकून गेला.

नऊ दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी दुपारी चिमी आत झोपली होती आणि ती ओट्याशी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. घरात शांतता होती.

“ये गं, ये. आई इथे आहे.”

पहिल्यांदा तिला वाटलं, आपणच बोललो.

मग तिने आपल्या ओठांना हात लावला. ओठ मिटलेले होते.

ती धावली. झोपायच्या खोलीत पांघरूण बाजूला पडलं होतं. गॅलरीचं दार उघडं होतं. कडी खाली लोंबत होती.

चिमी कठड्याजवळ पालथ्या बादलीवर उभी होती. दोन्ही हात वर केलेले, कडेवर घ्या म्हणताना करते तसे. तोंड बाहेर. बाहेर काही नव्हतं. तीन मजले हवा होती आणि झाडाची न हलणारी पानं.

“आई,” चिमी म्हणाली.

तिचा पहिला शब्द. बाहेर बघून.

आईच्या तोंडून जे निघालं ते तेच होतं, कारण आईकडे दुसरं असतं काय. “ये गं,” ती म्हणाली. आणि त्याच क्षणी बाहेरूनही आलं, “ये गं.” त्याच पट्टीत. एकाच गळ्यातून आल्यासारखं.

चिमीने वळून तिच्याकडे बघितलं. मग बाहेर बघितलं. मग परत तिच्याकडे. ती निवडत होती.

आईने तोंड मिटलं. जे शब्द बोलावे ते आधीच दुसऱ्याच्या हातात गेले होते. ती नुसती उभी राहिली, धापा टाकत. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि त्या शांततेत फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

चिमीने मान कलती केली.

तिने ऐकलं.

मग हात खाली घेतले, बादलीवरून बूड टेकत उतरली आणि त्या श्वासाकडे चालत आली.

फोन ओट्यावर थरथरला. नवी नोंद. वर्तुळ, शून्य मीटर. ओळखीखाली एक ओळ होती. “पिल्लू एक. हाकेला ओ दिली.”

नवऱ्याने फितीवर विश्वास ठेवला नाही. बादलीवर मात्र ठेवला. वरची कडी त्याने स्वतः तीन वेळा लावून बघितली, तीन वेळा काढून बघितली, आणि मग बदलीचा अर्ज लिहायला बसला. महिन्याभरात त्यांनी घर सोडलं, शहर सोडलं. तिने फोनमधून ॲप काढून टाकलं. निघताना बाईंना फोन केला. त्या मुलाकडे, पायाला पट्ट्या बांधून पडून होत्या. “मी सांगितलं होतं” असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “घरटं मोकळं झालं तरी ती जागा कुणी विसरत नाही गं. पुढच्या वर्षी दुसरं जोडपं येऊन तिथेच बांधतं.”

हे वाक्य तिने चार महिने मनाआड ठेवलं. पाचव्या महिन्यात राहवेना. तिने ॲप परत घेतलं आणि जुना परिसर उघडला.

टिंबाची नोंद होती, कालचीच, चार वाजून दहा मिनिटांची. तिच्या जुन्या घराच्या ठिपक्यावर. वर्तुळ साठ मीटरचं. फितीत तिचा आवाज होता आणि त्यामागे, लांब, एक लहान मूल हसत होतं. ते मूल चिमी नव्हतं.

घरमालक फोनवर म्हणाला, “हो, दिलंय भाड्याने. मियां-बीवी आणि एक पोर. का?” तिने सांगायचा प्रयत्न केला. तो मधेच म्हणाला, “ताई, तुम्ही घर चांगलं ठेवलंत, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण हे पुरे आता.” शेवटी कटकट नको म्हणून नव्या भाडेकरणीचा नंबर दिला.

भाडेकरीण बोलायला गोड होती. पण दोनच वाक्यं झाली आणि ती थबकली.

“एक विचारू? आपण आधी बोललोय का? तुमचा आवाज फार ओळखीचा वाटतोय.”

“कुठे ऐकलात?” तिने विचारलं.

पलीकडून मग फोन बंद झाला. त्यानंतर तो नंबर लागला नाही. घरमालकाने तिचा नंबर बंद करून टाकला. आवाजवाला दुसऱ्या गावी प्रशिक्षणाला गेला होता. पोलिसांच्या फोनवर एका थकलेल्या माणसाने विचारलं, “बाई, नक्की तक्रार काय लिहू?” आणि तिला एकही वाक्य सुचलं नाही जे लिहून घेता येईल. वर्तुळ तीस मीटरवर आलं होतं. गाडी पकडून निघायचं तर पोचायला दीड दिवस. नवऱ्याने तिकीट काढलं, पण आजचे चार तर वाजणार होते, उद्याचेही वाजणार होते.

तेव्हा तिने शेवटची एक नोंद केली. फोटो नाही, आवाज नाही. ठिकाण मात्र हाताने टाकलं, जुन्या घराचं, या वेळीही अचूक, तीन मीटर. वर्णनाच्या चौकटीत तिने लिहिलं ते असं:

“हे वाचणाऱ्यांपैकी कुणी या ठिपक्याच्या जवळपास राहत असेल, तर कृपा करून चारच्या आत तिसऱ्या मजल्यावर जा. पत्ता लिहीत नाही, ठिपका पुरेसा आहे. तो पुसायचा मी खूप प्रयत्न केला, आज तो पुसला गेला नाही हेच बरं. मागच्या गॅलरीचं दार बंद आहे का बघा. कठड्याजवळ बादली, स्टूल, काही असेल तर उचला. घरात एक लहान मूल आहे, त्याचं नावही मला माहीत नाही. ते ठीक आहे का, एवढं बघून मला कळवा. दार त्याच्या आईने उघडलं, तर लगेच आत जाऊ नका. तिला दारातच थोडं बोलू द्या. काहीही विचारा, घर केवढं आहे, पाणी किती वाजता येतं. आणि बोलताना ती मधे श्वास घेते का, तेवढं ऐका.”